क पिंजऱ्यातली पावलं

सोमवार, ८ जुलै २०२४

क-३ चावला! अंगठ्याला. रक्त कागदाच्या पट्टीवर पडलं, पट्टी बाद. पुन्हा चालवला साल्याला.

आज पहिली पावलं घेतली. अठरा उंदीर, तीन पिंजरे. अ, ब, क, एकेकात सहा. मागचे दोन्ही पाय शाईच्या पॅडवर टेकवायचे आणि लाकडी बोळीत सोडायचं. पलीकडे अंधारी पेटी आहे, तिकडे तो आपणहून पळतो. खाली कागदाची पट्टी. पळतो म्हणजे काय, उजवा पाय फरफटतो. गेल्या सोमवारी सगळ्यांची उजव्या मांडीतली नस दाबली. बेशुद्ध करून, चिमट्यात, तीस सेकंद. नस तुटत नाही. आतले धागे मरतात, मग वरून पुन्हा वाढत येतात. किती लवकर येतात, एवढंच पाहायचं.

चांगल्या पायाचा ठसा आखूड, बोटं फाकलेली. नस गेलेल्याचा लांब, बोटं एकमेकांना चिकटलेली. ती अंतरं मी मोजतो. सूत्रात टाकली की आकडा येतो. शून्य म्हणजे धडधाकट, वजा शंभर म्हणजे पाय गेला. आज सगळेच वजा नव्वदच्या आसपास.

हवा दमट. पट्ट्या वाळत नाहीत. पंख्याखाली दोरी बांधून कपड्यांसारख्या टांगल्या.

मंगळवार, ९ जुलै

सरांनी पुन्हा बजावलं. "गजेंद्र, तू आंधळा. आंधळाच राहा."

एका पिंजऱ्याला नुसतं डिंकाचं पाणी. एकाला बाजारातलं जीवनसत्त्व, जे नसेच्या पेशंटला देतात ते. आणि एकाला अबोली मॅडमचा पाला. तिची सगळी पीएचडी त्या पाल्यावर. (पाल्याचं नाव कुठे काढायचं नाही असं तिने सांगितलंय. इथेही लिहीत नाही.) कोणत्या पिंजऱ्याला काय, ते सरांच्या कपाटात बंद पाकिटात. तिन्ही बाटल्यांत सरांनी एकच तपकिरी रंग घातलाय. मोजणाऱ्याला कळलं तर त्याचा हात ढळतो म्हणे.

माझा हात ढळत नाही. बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत प्रॅक्टिकलला पहिलाच होतो. वर्गातल्या ललितच्या कानाखाली वाजवली नसती तर आज शेवटच्या वर्षाला असतो. कॉलेजवाले माफी माग म्हणाले. मी परीक्षेचा फॉर्म फाडला. झालं. चांदूर रेल्वेला घरी गेलो तर आबा दोन महिने बोलले नाहीत. मग सरांनी या लॅबमध्ये बोलावलं. म्हणाले, "कॉलेज सोडलंस, हात तरी वाया घालवू नकोस."

ते अर्धंच कारण. उरलेलं अर्धं कारण रोज साडेदहाला येते आणि आधी पिंजऱ्यांशी बोलते, मग माझ्याशी.

शुक्रवार, १२ जुलै

तोंडाने मॅडम म्हणतो. वहीत अबोली. पाच वर्षांनी मोठी आहे. असू दे!

शनिवार, १३ जुलै

दर शनिवारी ती दुपारी अकोल्याला जाते. आज व्हरांड्यात फोनवर बोलत होती. "तू जेवलास का? नीट सांग. आणि पायऱ्या एकटा उतरू नकोस, मी जठारपेठेत पोचेपर्यंत थांब."

तू. जेवलास.

आमच्या घरी आबांना सगळे तुमी म्हणतात, आईसुद्धा. तू कोणाला म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे.

पिंजरे धुतले. तिन्ही. दोनदा.

सोमवार, १५ जुलै

दुसरी पावलं. अ वजा ८४, ब वजा ८०, क वजा ७९. काहीच कळत नाही. अबोली आकड्यांकडे बघत उभी राहिली. तिलाही कोणता पिंजरा कोणाचा ते माहीत नाही. म्हणाली, "तीन वर्षं गेली रे या पाल्यात." मला उद्देशून नाही. अशीच, खिडकीकडे बघून.

गुरुवार, १८ जुलै

नत्थुजी एकवीस वर्षं इथे उंदरांचं करतात. रोज सकाळी वाकड्या सुईने डोस तेच पाजतात. आज सहज विचारलं.

"नत्थुजी, दवाई कोणत्या पिंजऱ्याले आहे?"

"तू आंधळा ना बे?"

"आंधळा हाओ, बहिरा थोडीच."

हसले. "सरानं रंग झाकला. वास झाकता येते का? मी तं वासावरून सांगतो."

"मग सांगा ना."

इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "दवाई ब ले. पण मी काही सांगतलं नाही तुले."

दिवसभर ब कडे पाहिलं नाही. पाहिलं की हसू येत होतं.

सोमवार, २२ जुलै

तिसरी पावलं. ब-२ च्या बोटांचं अंतर साडेआठ मिलीमीटर. शाई जराशी फुटलेली. नऊही म्हणता येईल. नऊ लिहिलं.

ब-४ ला पण.

हे खोटं नाही. पट्टी दमट असली की कडा फुटते, कुठून मोजायचं ते मोजणाऱ्यानेच ठरवायचं असतं. मी अबोलीच्या बाजूने ठरवलं, इतकंच.

मंगळवार, २३ जुलै

ती आकडे पाहून म्हणाली, "ब बरा दिसतोय." आणि हसली! मी मान खाली घालून पट्ट्या लावत बसलो.

शनिवार, २७ जुलै

अकोल्याला जाऊन आलो.

सकाळीच ठरवलं होतं, त्या जठारपेठवाल्याचं तोंड एकदा बघायचं. बघायचं म्हणजे काय ते हाताला माहीत होतं. एसटीत मूर्तिजापूरपर्यंत मुठी वळूनच बसलो होतो. शेजारचे आजोबा म्हणाले, "पोट दुखून राहिलं का बाबू?"

अबोलीचं आडनाव आणि जठारपेठ, एवढ्यावर पानवाल्याने घर दाखवलं. बेल वाजवली. आतून आवाज आला, "थांबा हो, मला वेळ लागतो!" टप... फरफट. टप... फरफट. तो आवाज मी ओळखतो. दर सोमवारी ऐकतो.

दार उघडलं. साठीचे गृहस्थ. उजव्या पोटरीला प्लास्टिकची पट्टी, पाऊल खाली लोंबतंय. मागून अबोली. "बाबा, तुला म्हटलं ना मी उघडते!"

बाबा. तुला.

ती बघतच राहिली. "गजेंद्र? तू इथे?"

म्हटलं, "मॅडम, तुमची वही राहिली होती लॅबमध्ये." हातात वही नव्हती. तिच्या बाबांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "वही नंतर सापडेल. आधी चहा घ्या."

रविकांत वकील. मार्चमध्ये स्कूटर घसरली, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दुभाजकाची कड लागली. तेव्हापासून पाऊल वर उचलत नाही. चप्पल टिकत नाही पायात. कोर्टात उभं राहायचं तर टेबल धरून. "समोरचा वकील म्हणतो, साहेब वाकून बोलायला लागले, केस कमजोर दिसते!" स्वतःच हसले.

नागपूरच्या डॉक्टरने सांगितलंय, सहा महिन्यांच्या आत उघडून पाहू. त्यानंतर स्नायू वाळून जातो. मग नस वाढत आली तरी तिला जायला जागा उरत नाही. पाच महिने होत आले. आणि हे रोज सकाळी अबोलीच्या पोत्यातल्या पाल्याचा रस पितात!

"मी दिलेला नाही," अबोली म्हणाली. "उंदरांचंच अजून ठरलं नाही, बाबा."

"मग ठरू दे. तुझे उंदीर चालले तर मीही चालेन. नाही चालले तर कापा म्हणावं. सही करतो."

"ऑगस्टमध्ये पाकीट उघडायचंय. त्याच्या पुढे एक दिवस थांबायचं नाही हं."

"शब्द."

निघताना ती फाटकापर्यंत आली. "वही कोणती रे?" मी म्हटलं, "निळी." म्हणाली, "माझ्याकडे निळी वही नाही." आणि आत गेली.

रागावली नव्हती. बहुतेक.

सोमवार, २९ जुलै

चौथी पावलं. ब चांगले चालले. पण क चे उंदीर फार चालून राहिले! क-१, क-३, क-५ बोटं फाकवून तुरुतुरु गेले, नालायक. क म्हणजे डिंक असेल नाही तर ते बाजारातलं जीवनसत्त्व. ते जिंकलं तर पाल्याला कोण विचारतो?

क चे जरा आत धरले. अर्धा मिलीमीटर, कुठे एक. ब चे जरा बाहेर.

क-३ आज चावला नाही. शांत बसला होता हातात.

बुधवार, ३१ जुलै

एक गोष्ट लक्षात आली. आता ब चे उंदीर मला खरोखरच चांगले चालताना दिसतात. पट्टी न घेताही. म्हणजे मी फार काही ढकललेलं नाही.

सोमवार, ५ ऑगस्ट

शेवटची पावलं. अ वजा ५१. ब वजा १८. क वजा ४७.

वजा अठरा! अबोलीने आकडा वाचला आणि स्टुलावर बसली. "ब माझा असेल का रे?" मी म्हटलं, "असेल मॅडम." "तुला काय माहीत, आंधळ्या," म्हणाली. आंधळ्या! इतक्या प्रेमाने कोणी म्हटलं नव्हतं.

शनिवार, १० ऑगस्ट

सकाळी अकरा. सरांची केबिन. सर, अबोली, मी. नत्थुजी दारात.

सरांनी पाकीट फोडलं.

अ — डिंक.
ब — जीवनसत्त्व.
क — पाला.

सरांनी दोनदा वाचलं. मग आकडेमोड केली, तीही दोनदा. डिंक आणि पाला सारखेच. फरक नाही.

अबोलीने वहीत तिन्ही ओळी उतरवून घेतल्या. अक्षर नेहमीसारखं. म्हणाली, "नाही आलं तर नाही आलं. तसंच लिहायचं." सर म्हणाले, "हो. हाही निकालच असतो." मग तिने घरी फोन लावला. "बाबा, पाला बंद. तारीख घे." पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. तिने फोन ठेवला, ओढणी नीट केली आणि हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

मी नत्थुजींना पिंजऱ्यांच्या खोलीत गाठलं. बादलीला लाथ मारली, पाणी सगळीकडे झालं.

"तुमी सांगतलं होतं ब ले दवाई हाय म्हणून!"

"मग? हायेच ना! मेडिकलातली दवाई, पट्टीत येते थे."

"आन् पाला?"

"पाला कुठं दवाई असते बे? पाला पाला असते. दवाई इचारली तू, दवाई सांगतली म्या." माझ्या तोंडाकडे पाहिलं. "काहून रे? काय करून बसला तू?"

काही नाही म्हटलं. फडकं घेऊन पाणी पुसलं.

रविवार, ११ ऑगस्ट

खोलीतच.

मंगळवार, १३ ऑगस्ट

वकीलसाहेबांचं ऑपरेशन एकवीस तारखेला, बुधवारी, नागपूर. सरांनी सांगितलं. "बरं झालं, उगीच पाल्यावर अडून बसले होते."

बुधवार, १४ ऑगस्ट

सगळे गेल्यावर पट्ट्या काढल्या. शेवटच्या सोमवारच्या अठराच्या अठरा. मागचे नंबर झाकले, पुन्हा मोजलं. शाई फुटली असेल तिथे प्रत्येक वेळी मधला बिंदू धरला. सूत्र.

अ वजा ५२. ब वजा २७. क वजा २४.

पुन्हा मोजलं. क वजा २५.

पाला चालतो. दाबलेल्या नसेवर, उंदरात, पस्तीस दिवसांत. एवढंच म्हणता येतं, पण एवढं येतं. आणि मी ते पुसलं. एक-एक मिलीमीटर करून.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

दोन्ही बाजूंनी विचार केला. सांगितलं तर वकीलसाहेब पुन्हा पाला धरून बसतील. ऑपरेशन रद्द. त्यांची नस दाबलेली की तुटलेली ते उघडल्याशिवाय कोणालाच माहीत नाही, आणि तुटलेल्या नसेचा प्रयोग आम्ही केलेलाच नाही. सहावा महिना सुरू आहे. वेळ गेली की पाय गेला.

नाही सांगितलं तर अबोली लिहिणार, पाल्याने काही होत नाही. तीन वर्षं. स्वतःच्या सहीने खोटं.

ऑपरेशन झाल्यावर सांगता येईल, असंही डोक्यात आलं. पण मग आधी का नाही सांगितलं, ते आयुष्यभर सांगत बसावं लागेल.

शनिवार, १७ ऑगस्ट

सांगितलं.

ती अकोल्याला निघायच्या तयारीत होती, पर्स खांद्यावर. म्हटलं, "मॅडम, मी ढकललं."

"काय ढकललं?"

"आकडे. ब चे वर, क चे खाली. मला वाटलं ब तुमचा. पट्ट्या आहेत. पुन्हा मोजले. क वजा पंचवीस निघतो."

ती तशीच उभी. "काहून?" घरी बोलत असेल तशी बोलली, पहिल्यांदाच.

"तुमच्यासाठी."

क मध्ये कोणीतरी पाण्याच्या नळीशी खटखट करत होता. वाटलं मारेल. मारायला हवं होतं.

"मी आज काही ऐकलेलं नाही," ती म्हणाली. "बुधवारी बाबांचं ऑपरेशन आहे. शुक्रवारी सरांना तू सांगायचं. तू स्वतः. पट्ट्यांना हात लावायचा नाही तोपर्यंत."

आणि गेली.

रविवार, १८ ऑगस्ट

मी आज काही ऐकलेलं नाही. शंभरदा तेच वाक्य मनात घोळवून राहिलो.

म्हणजे तिने माझं गुपित घेतलं. स्वतःचा निकाल बाजूला ठेवून, बापाच्या पायासाठी. आता एक गोष्ट अशी आहे जी जगात फक्त तिला आणि मला माहीत आहे. वाईट गोष्ट आहे. पण दोघांची आहे!

सोमवार, १९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. अबोली रजेवर. नत्थुजी म्हणाले, "वाचला तू!"

बुधवार, २१ ऑगस्ट

ऑपरेशन झालं. पाच तास. सरांना फोन आला, त्यांनी सांगितलं. गुडघ्याशी नस जखमेच्या गाठीत अडकली होती, मधला चार सेंटीमीटर तुकडा मेलेला. तो काढून पोटरीतल्या एका बिनकामाच्या नसेचा तुकडा जोडला. आता त्यातून धागे वाढायचे, दिवसाला एक मिलीमीटर. पाऊल उचलेल की नाही ते पुढच्या वर्षी.

म्हणजे पाल्याने त्यांचं काही व्हायचं नव्हतं. चार सेंटीमीटर मेलेलं कोणता पाला जोडणार?

ऐकून हलकं वाटलं. मग हलकं वाटल्याचा राग आला. माझ्या खोट्यामुळे त्यांचा पाय वाचेलही कदाचित, पण त्यासाठी मी ते केलं नव्हतं. मला ते व्हायला नको होतं. मला ब जिंकायला हवा होता.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

सरांना सांगितलं. अबोली होती. ती नागपूरहून सकाळीच आली होती, डोळे सुजलेले.

सर ओरडले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुला आंधळा ठेवला होता तो तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही रे. कोणावरच ठेवायचा नसतो म्हणून." नत्थुजींनी सांगितल्याचं मी बोललो नाही. दाराशी त्यांनीच खाकरून सांगितलं, "दवाई म्या सांगतली होती, सर."

सगळ्या पट्ट्या नंबर झाकून दुसऱ्या कॉलेजात जाणार, तिथल्या माणसाकडून मोजून घ्यायच्या. मी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली.

शनिवारी तिला सांगितलं होतं ते मी सरांपुढे काढलं नाही. तीही बोलली नाही. तोंडावर रेघ हलली नाही. काय धीराची बाई! माझ्यासाठीच गप्प राहिली.

क-३ ला भेटून आलो. वर्तमानपत्र चघळत होता.

शनिवार, २४ ऑगस्ट

चांदूर रेल्वेला घरी. आबा म्हणाले, "आता कोणाले मारलं?" म्हटलं, कोणाला नाही. त्यांना पटलं नाही.

सोमवार, २६ ऑगस्ट

वकीलसाहेबांचा फोन, दवाखान्यातून. आवाज बारीक, पण ठसक्यात.

"गजेंद्र, तुझं सगळं मला अबोलीने त्या शनिवारीच सांगितलं. घरात आली आणि चप्पल काढायच्या आधी सांगितलं. क चे उंदीर चालले, हे पण."

म्हटलं, "मग तुमी ऑपरेशनले गेले काहून?"

"साक्षीदार एकदा फिरला की आम्ही त्याचं काहीच धरत नाही बाबा. पहिलं खोटं म्हणून धरत नाही, आणि दुसरं खरं असलं तरी धरत नाही. तुझी साक्ष वगळली, मग डॉक्टर तेवढा उरला."

आणखीही काही बोलले. ऐकलं नाही. नऊ दिवस ते गुपित मी एकटाच सांभाळून राहिलो होतो.